परसबागेतील कलमी गुलाब

तुळशीवृंदावनाच्या बाजूस, आडाच्या काठी किंवा न्हाणीच्या पाटाजवळ गुलाबाचे एखादे झाड असणे ही महाराष्ट्रातील खेड्यांत नवी गोष्ट नाही. देवपूजेचे फूल, लेकीसुनांच्या केसांत माळण्याचे फूल आणि वर्षाकाठी बरणीभर गुलकंद एवढी घरची गरज गावठी गुलाब पिढ्यान् पिढ्या भागवीत आला आहे. त्याला कोणी मुद्दाम खत घालीत नाही, की त्याची छाटणी करीत नाही. ज्या नाशिकला मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणत, त्या नाशिकच्या प्रदेशाला तर फुलझाडांचा नाद मुळीच नवा नव्हे.

आता मात्र लांब दांडीच्या, टोकदार कळीच्या आणि हाताच्या पंज्याएवढे फूल देणाऱ्या गुलाबांची कलमे रोपवाटिकांतून व आठवड्याच्या बाजारांतूनही विकावयास येतात. हौसेने एकदोन कलमे घरी आणली जातात. पहिल्या हिवाळ्यात त्यांना सुरेख फुले येतात. दुसऱ्या वर्षी ती लहान होतात. तिसऱ्या वर्षी झाड पुरुषभर उंच वाढते, पानांनी गच्च भरते. पण त्यावर मोठे फूल एकही येत नाही. आले तर लहान, फिकट आणि झुबक्याने येते. मग कोणी म्हणतो, माती मानवली नाही. कोणी म्हणतो, रोपवाल्याने फसविले. बहुधा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. घडलेले असते ते एवढेच, की ज्यासाठी पैसे मोजले ते कलम केव्हाच मेलेले असते आणि ज्यावर ते बांधले होते तो रानटी खुंट तेवढा जगलेला असतो.

ही हानी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. झाडाची रचना समजून घ्यावी लागते आणि वर्षातील चारसहा कामे वेळच्या वेळी करावी लागतात.

हायब्रिड टी म्हणजे काय ?

या मोठ्या फुलांच्या गुलाबांना हायब्रिड टी असे नाव आहे. चीनमधील टी गुलाब १९ व्या शतकाच्या प्रारंभी युरोपात गेले. त्यांच्या फुलांचा वास चहाच्या पानांसारखा वाटे म्हणून त्यांना हे नाव मिळाले असे मानतात. चहाच्या झाडाशी त्यांचे नाते नाही. हे गुलाब नाजूक व थंडी न सोसणारे होते; परंतु टोकदार कळी आणि वर्षातून पुनःपुन्हा फुलण्याचा स्वभाव हे दोन मोलाचे गुण त्यांच्यात होते. युरोपातील काटक, भरदार फुलांच्या हायब्रिड पर्पेच्युअल गुलाबांशी त्यांचा संकर झाला आणि त्यातून हायब्रिड टी हा वर्ग निर्माण झाला. फ्रान्समधील गियो या बागाइतदाराने १८६७ साली प्रसिद्ध केलेली ‘ला फ्रान्स’ ही या वर्गातील पहिली जात समजली जाते.

या वर्गात गडद पिवळा रंग आला तो १९०० सालच्या सुमारास. पेर्ने-दुशे या दुसऱ्या फ्रेंच बागाइतदाराने इराणातील पिवळ्या गुलाबाच्या संकरातून तो आणला. त्या रंगाबरोबर पानांवर काळे ठिपके पडण्याची खोडही बऱ्याच जातींत उतरली. पिवळ्या व नारिंगी जातींना पावसाळ्यात अधिक जपावे लागते, त्याचे मूळ येथे आहे. दुसरे महायुद्ध संपत असताना १९४५ साली ‘पीस’, म्हणजे शांती, हे नाव मिळालेली फ्रान्सिस मेयां यांची फिकट पिवळी, गुलाबी कडेची जात तर जगभर पसरली.

भारतात या विषयाला शास्त्रीय बैठक मिळवून देणाऱ्यांत डॉ. बी. पी. पाल यांचे नाव अग्रभागी आहे. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती निर्माण करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले आणि १९६५ साली जे भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, त्याच शास्त्रज्ञाने गुलाबाच्याही अनेक नव्या जाती काढल्या. भारतातील गुलाबांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ परिषदेने १९६६ साली प्रकाशित केला. धान्याचा अभ्यासक फुलाकडे वळला यात विसंगती काहीच नाही; निवड, संकर व रोगप्रतिकार ही तत्त्वे दोन्हीकडे एकच आहेत.

एका झाडात दोन झाडे

कलमी गुलाब म्हणजे एका देहात नांदणारी दोन झाडे होत. जमिनीखालील मुळे आणि बुडखा हा खुंटाचा. वरच्या फांद्या, पाने व फुले ही भरलेल्या डोळ्याची. खुंट म्हणून रोझा मल्टीफ्लोरा, रोझा इंडिका, एडवर्ड किंवा नटाल ब्रायर यांसारखे जोमदार गुलाब वापरतात. त्यांची मुळे काटक असतात आणि हलक्यासलक्या जमिनीतही ती तग धरतात. हायब्रिड टी जातींची बहुतेक मुळे तशी नसतात. म्हणून हा जोड लावावा लागतो.

जोड जेथे आहे तेथे बुडाशी गाठीसारखा फुगवटा दिसतो. या गाठीच्या वर जे फुटते ते आपले; गाठीच्या खाली जे फुटते ते खुंटाचे. एवढा एक नियम ज्या घरात सर्वांना ठाऊक असेल त्या घरातील गुलाब सहसा बिघडणार नाही.

खुंटाचा फुटवा कोवळा, सरळ आणि तजेलदार असतो. झाडाला नवा जोम आला असे पाहणाऱ्यास वाटते आणि तो कौतुकाने राखला जातो. मुळांनी ओढलेले अन्न व पाणी या फुटव्यास आधी मिळते, वरचे कलम उपाशी पडते आणि एकदोन वर्षांत वाळून जाते. कानामागून आली आणि तिखट झाली, अशीच ही गत होय.

सात पर्णिकांचे पान म्हणजे खुंट आणि पाच पर्णिकांचे पान म्हणजे कलम, अशी एक समजूत प्रचलित आहे. ती विश्वसनीय नाही, कारण चांगल्या हायब्रिड टी जातींनाही कधी कधी सात पर्णिकांची पाने येतात. या समजुतीवर विसंबून आपल्याच झाडाची उत्तम फांदी कापली जाण्याचा संभव असतो. खुंट मल्टीफ्लोराचा असेल तर पानाच्या देठाच्या बुडाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णे दिसतात. ही खूण उपयोगी पडते. परंतु सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे माती हाताने बाजूला सारून फुटवा कोठून निघाला आहे हे प्रत्यक्ष पाहणे.

फुटवा गाठीच्या खालून निघालेला असेल तर तो जमिनीलगत कापू नये. कापल्यास बुडाशी उरलेल्या डोळ्यांतून एकाऐवजी तीनचार फुटवे येतात. माती उकरून त्याच्या उगमापर्यंत जावे, तो खालच्या बाजूस ओढून बुडासकट उपटावा आणि माती पुन्हा दाबून घ्यावी. कोवळा असताना हे काम बोटाने होते. जून झाल्यावर मुळास इजा होते. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्यास आणि एरवी महिन्यातून दोनदा झाडाचा बुडखा पाहावा.

जागा आणि जमीन

गुलाबास दिवसातून निदान पाचसहा तास ऊन मिळाले पाहिजे. सकाळचे ऊन विशेष मानवते, कारण पानांवरील दव लौकर वाळते आणि बुरशीस वाव मिळत नाही. मोठ्या झाडाखाली गुलाब लावणे व्यर्थ होय. तेथे सावलीही असते आणि झाडाची मुळे खतपाणी ओढून घेतात. विदर्भ व मराठवाडा यांसारख्या कडक उन्हाच्या भागांत पश्चिमेकडून भिंतीचा किंवा कुंपणाचा थोडा आडोसा असल्यास उन्हाळा सुसह्य होतो.

जमीन मध्यम, भुसभुशीत आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी असावी. सामू ६ ते ७·५ च्या दरम्यान असल्यास उत्तम. भारी काळ्या जमिनीत पाणी साचते व मुळे कुजतात. अशा ठिकाणी, तसेच कोकणातील जोराच्या पावसात, जमिनीपासून वीतभर उंच वाफे करून त्यांवर लागवड करावी. चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. जमिनीत लोह असते, परंतु चुन्यामुळे ते झाडास घेता येत नाही. अशा वेळी अधिक युरिया घालून उपयोग होत नाही. शेणखत भरपूर घालावे आणि चिलेट स्वरूपातील लोहाची फवारणी वेष्टनावरील प्रमाणात करावी.

न्हाणीचे पाणी गुलाबास सोडण्याची पद्धत पूर्वापार आहे. पूर्वी ती फारशी बाधत नसे. आता कपडे व भांडी धुण्यास जी पावडर वापरतात तिच्यातील क्षार जमिनीत साठतात, माती चिकट व घट्ट होते आणि पानांच्या कडा करपतात. यास्तव पावडरीचे पाणी गुलाबास देऊ नये. भाजी किंवा डाळतांदूळ धुतलेले पाणी खुशाल द्यावे.

कलम कसे निवडावे ?

बाजारात फुलावर आलेले झाड ग्राहकाचे मन ओढून घेते. तथापि फूल चार दिवसांचे असते. झाड मात्र नीट सांभाळल्यास दहाबारा वर्षे टिकू शकते. खरेदी करताना आधी बुडखा पाहावा. जोड पक्का, खपली न सुटलेला आणि चिरा न पडलेला असावा. जोडाच्या वरून निदान दोन जोमदार फांद्या निघालेल्या असाव्यात. जोडाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी सालीत रुतलेली असेल तर ते कलम घेऊ नये. फांद्यांच्या टोकांवर काळसर, वाळका भाग असेल किंवा खोडावर खवले कीड चिकटलेली दिसत असेल, तर कलम स्वस्त असले तरी महागच पडते.

कलमे शक्यतो शासकीय वा नोंदणीकृत रोपवाटिकेतून, जातीचे नाव लिहून घेऊन विकत घ्यावीत. नाव ठाऊक असल्यास फुलल्यावर जात खरी की खोटी याचा पडताळा घेता येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पाचसहा कलमांहून अधिक घेऊ नयेत. वीस झाडांची हयगय करण्यापेक्षा पाच झाडांची निगा राखणे केव्हाही श्रेयस्कर.

लागवड

जोराच्या पावसाच्या प्रदेशात पाऊस ओसरल्यावर आणि इतरत्र पावसाळ्याच्या आरंभी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड करावी. त्यापूर्वी महिनाभर अगोदर ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणावेत. जमीन मुरमाड असल्यास ते ६० सेंटिमीटरचे असावेत. दोन खड्ड्यांत ७५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. खड्डे काही दिवस उन्हात तापू द्यावेत. दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि १०० ते २०० ग्रॅम निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने ते भरावेत. ताजे शेण कदापि घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे भाजतात आणि हुमणी व वाळवी यांना आमंत्रण मिळते.

पिशवीतील कलम लावताना पिशवी उभी चिरून काढावी, मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नये. जोड जमिनीच्या वर सुमारे ५ सेंटिमीटर राहील अशा बेताने कलम बसवावे. थंड देशांत बर्फापासून बचाव व्हावा म्हणून जोड मातीखाली पुरतात. तेथील पुस्तकांचे अनुकरण येथे करू नये. जोड उघडा असला म्हणजे खुंटाचा फुटवा चटकन ओळखू येतो. पुढे खत व माती घालताना जोड नकळत बुजतो. म्हणून त्याच्या उंचीएवढी एक बांबूची खूणकाठी शेजारी रोवून ठेवावी. माती काठीच्या टोकाशी आली की ती कमी करावी.

अंगण फरसबंदी असल्यास कुंडीतही हा गुलाब येतो. कुंडी निदान ३० सेंटिमीटर व्यासाची असावी, तिच्या तळाशी छिद्र व छिद्रावर खापराचा तुकडा असावा, आणि दरवर्षी छाटणीच्या वेळी वरची काही माती काढून नवी खतमाती भरावी.

पाणी आणि खत

पाणी वेळापत्रकाने न देता माती पाहून द्यावे. बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत; ओल लागली तर पाणी थांबवावे, न लागली तर भरपूर द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच्यावर राहतात आणि उन्हाळ्यात झाड दगा देते. पाणी बुडाशी, सकाळच्या वेळी द्यावे. संध्याकाळी पाने भिजवू नयेत. उन्हाळ्यात आळ्यात उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा पालापाचोळा यांचा चार बोटे जाडीचा थर द्यावा. त्यामुळे ओल टिकते व तण दबते. मात्र आच्छादन खोडाला भिडवू नये आणि वाळवी दिसताच ते हलवावे.

मुख्य खत छाटणीनंतर द्यावयाचे असते. प्रत्येक झाडास ८ ते १० किलो कुजलेले शेणखत व त्याजोडीस सुमारे १३ ग्रॅम युरिया, ७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. हीच मात्रा जुलैमध्ये पुन्हा द्यावी. खत खोडापासून वीतभर अंतरावर गोल पसरावे, मातीत हलक्या हाताने मिसळावे आणि लगेच पाणी द्यावे. मूठ मूठ युरिया घातल्याने झाड हिरवेगार दिसते. परंतु लुसलुशीत वाढीवर मावा व भुरी तुटून पडतात आणि फुले कमी येतात.

छाटणी

गुलाबाची फुले नव्या फुटीवर येतात. जुन्या फांद्या जशाच्या तशा राहू दिल्या तर झाड उंच जाते, आतून वाळते आणि फुले लहान होत जातात. म्हणून छाटणीस भिऊ नये. महाराष्ट्राच्या पठारावर मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात करावी. तेव्हापासून सुमारे ४५ ते ५० दिवसांनी फुलांचा बहर येतो. घरी एखादे मंगलकार्य ठरले असल्यास याच हिशेबाने छाटणीचा दिवस थोडा मागेपुढे करता येईल.

प्रथम वाळलेल्या, रोगट व काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढाव्यात. नंतर एकमेकींवर घासणाऱ्या व झाडाच्या आत वळलेल्या फांद्यांपैकी दुबळ्या फांद्या काढाव्यात. जोमदार अशा चार ते सहा फांद्या राखून त्या जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीवर छाटाव्यात. प्रत्येक काप बाहेरच्या दिशेस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, अर्ध्या सेंटिमीटरवर घ्यावा आणि त्याचा उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूस असावा. यामुळे नवी फूट बाहेर वळते, झाडाचा मध्य मोकळा राहतो व पावसाचे पाणी डोळ्यावर साचत नाही. सिकेटर धारदार असावे; बोथट हत्याराने फांदी चिरडते आणि तेथूनच ती वाळू लागते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना हत्याराचे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे.

छाटल्यानंतर जाड कापांवर त्याच दिवशी बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळ्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवावा व मग दोन्ही एकत्र ढवळावीत. लोखंडी भांडे वापरू नये. मलमात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढल्यास आणखी थोडा चुना मिसळावा. मलम ताजेच वापरावे.

छाटणीनंतर आठदहा दिवस मुळे उघडी टाकून झाडास ताण देण्याची जुनी रीत काही ठिकाणी आहे. हलक्या जमिनीत आणि उष्ण प्रदेशात तिच्यामुळे झाडास इजा होण्याचा संभव असतो. घरच्या बागेत वरची माती खुरप्याने भुसभुशीत करणे पुरेसे आहे.

कळीपासून फुलापर्यंत

हायब्रिड टी जातीत दांडीच्या टोकाशी एक मोठी कळी आणि तिच्या बगलेत एकदोन लहान कळ्या येतात. एकच मोठे फूल हवे असल्यास बगलेतील कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने खुडाव्यात.

फूल सकाळी लौकर किंवा सायंकाळी, बाहेरच्या एकदोन पाकळ्या सैल होऊ लागताच कापावे आणि दांडी ताबडतोब स्वच्छ पाण्यात बुडवावी. झाडावरच वाळणारी फुले राहू देऊ नयेत; त्यांची फळे धरली म्हणजे झाडाची शक्ती बियांकडे जाते आणि पुढील फूट लांबते. वाळके फूल काढताना केवळ मान मोडू नये; खाली येऊन पाच पर्णिकांच्या पहिल्या सशक्त पानाच्या वर काप घ्यावा. त्या पानाच्या बगलेतील डोळ्यातून पुढील फूल येते.

शेजारच्या गावात फुले विकली जातात असे पाहून पाच झाडांच्या अनुभवावर गुलाबाची शेती उभारण्याचा मोह कोणी धरू नये. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे परिसरात हरितगृहांतून जो गुलाब पिकतो, त्यामागे भांडवल, शीतगृह व बाजारपेठ यांची मोठी व्यवस्था असते. घरच्या बागेचे प्रयोजन निराळे आहे.

रोग व कीड

शेंड्याकडून खाली वाळत जाणारी फांदी हा गुलाबाचा सर्वांत घातक रोग होय. छाटणीचा काप किंवा जखम यांतून बुरशी शिरते, फांदी टोकाकडून काळी पडते आणि दुर्लक्ष केल्यास रोग जोडापर्यंत उतरतो. काळ्या भागाच्या खाली, निरोगी लाकडात ५ सेंटिमीटर आत येऊन फांदी कापावी व बोर्डो मलम लावावे. रोग गाठीपर्यंत पोचला तर कलम वाचत नाही. मग उरतो तो खुंट.

पावसाळ्यात पानांवर काळे, कडेला फाटल्यासारखे ठिपके पडतात, पान पिवळे होऊन गळते. गळलेली पाने वेचून नष्ट करावीत, कारण रोगाचे बीज त्यांत टिकते. थंडीत कोवळ्या पानांवर व कळ्यांवर पांढरी भुकटी दिसते. ती भुरी होय. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक दर लिटरास २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. मात्र कडक उन्हात गंधक फवारू नये, पाने करपतात.

कोवळ्या शेंड्यांवरील मावा पाण्याच्या जोरदार धारेनेच बराच धुऊन जातो. उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी जाळी करतो. पानांच्या खालच्या बाजूवर पाणी मारल्यास तो आटोक्यात राहतो. पाकळ्यांच्या कडा तपकिरी करणाऱ्या फुलकिड्यांसाठी व माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. खोडावरील खवले कीड जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने खरवडून काढावी.

जुन्या पुस्तकांतून व पत्रिकांतून डीडीटी आणि बीएचसी यांची भुकटी मारण्याचा सल्ला आढळतो. तो आता पाळावयाचा नाही. शेतीसाठी डीडीटीचा वापर भारतात १९८९ साली बंद करण्यात आला आणि बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. घरात जुना डबा शिल्लक असल्यास तो वापरू नये. त्याविषयी कृषी कार्यालयात कळवावे. अधिक तीव्र औषधाची गरज भासल्यास ते गुलाबासाठी शिफारस केलेले असल्याची खात्री करूनच घ्यावे. परसबागेत मुले खेळतात, कोंबड्या फिरतात व आडाचे पाणी जवळ असते, हे फवारणाऱ्याने विसरू नये.

याच कारणास्तव एक गोष्ट निक्षून सांगावीशी आहे. औषध फवारलेल्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये आणि त्या मुलांच्या तोंडी लागू देऊ नयेत. गुलकंदासाठी गावठी सुवासिक गुलाबाचे एक झाड स्वतंत्र व बिनफवारणीचे राखावे. कलमी गुलाब आला म्हणून गावठी गुलाब उपटून टाकण्याचे कारण नाही.

घरी कलम करणे

खुंटाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, २० ते २५ सेंटिमीटर लांबीच्या काड्या पावसाळ्यात लावाव्यात. लावण्यापूर्वी काडीचा जो भाग मातीत जाणार असेल त्यावरील सर्व डोळे चाकूने काढून टाकावेत. पुढील आयुष्यात खुंटाचे फुटवे कमी यावेत यासाठी याहून स्वस्त उपाय नाही. रोपवाटिका चालविणाऱ्यांनी हे काम चुकविले की त्याचा दंड पुढे ग्राहक भरतो.

काडी रुजून साल सुटू लागली म्हणजे, सामान्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, डोळा भरता येतो. खुंटाच्या बुडाशी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन साल अलगद उचलावी. निवडलेल्या जातीच्या, नुकतेच फूल देऊन गेलेल्या फांदीवरील फुगीर डोळा ढालीच्या आकारात सालीसह काढावा, छेदात सरकवावा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावा. तीनचार आठवड्यांनी डोळा हिरवा व टवटवीत दिसल्यास कलम साधले असे समजावे. मग पट्टी सोडावी आणि खुंटाचा वरचा भाग डोळ्याच्या वर कापावा. पहिल्याच हंगामात सर्व डोळे लागतील अशी अपेक्षा ठेवू नये. हात बसण्यास वेळ लागतो.

कोणत्या जाती लावाव्यात ?

आरंभ काटक जातींनी करावा. ‘ग्लॅडिएटर’ ही लाल जात महाराष्ट्रात उघड्या शेतातही चांगली येते. शेंदरी रंगासाठी ‘सुपर स्टार’, पिवळ्यासाठी ‘लँडोरा’, दुरंगी व सुवासिक फुलासाठी ‘डबल डिलाइट’, गडद लाल व सुवासिक फुलासाठी ‘क्रिमझन ग्लोरी’ या जुन्या व नावाजलेल्या जाती आहेत. भारतीय जातींपैकी ‘रक्तगंधा’, ‘मृणालिनी’ व ‘अर्जुन’ यांचा विचार करावा. जाती प्रत्यक्ष पाहून निवडता आल्यास उत्तम. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन त्यासाठी पाहण्याजोगे असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कोणत्याही गावात दहा घरी गुलाब असतील तर त्यांपैकी काही घरी नुसता खुंटच फुलत असण्याचा संभव आहे. कार्यकर्त्याने भेटीच्या वेळी भाषण देण्यापेक्षा झाडाजवळ बसावे, माती बाजूला करून जोड दाखवावा आणि खालचा फुटवा घरातील व्यक्तीकडूनच उपटवून घ्यावा. परसबागेची निगा बहुतांशी घरातील स्त्रिया व शाळकरी मुले ठेवतात. तेव्हा ही माहिती ओसरीवर थांबता कामा नये, ती परसदारी पोचली पाहिजे. कलम मरून खुंटच उरला असेल, तर झाड उपटण्याची घाई करू नये. तो खुंट जोमदार व निरोगी असल्यास त्याची एक सरळ फांदी राखून बाकीच्या काढाव्यात आणि हिवाळ्यात त्यावरच नवा डोळा भरावा. मुळे तयार असल्यामुळे असे झाड लौकर फुलावर येते, आणि गेलेला पैसा काही अंशी भरून निघतो.

वर्षाची कामे थोडक्यात अशी : जूनमध्ये निचऱ्याचे चर मोकळे करणे, जुलैमध्ये खताचा दुसरा हप्ता, संपूर्ण पावसाळाभर गळलेली पाने वेचणे व बुडखा तपासणे, ऑक्टोबरमध्ये छाटणी, मलम व मुख्य खत, डिसेंबर ते फेब्रुवारी फुले व डोळे भरणे, मार्चपासून आच्छादन व पाणी. यांतील कोणतेच काम अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ घेणारे नाही. ज्या घरी ती वेळेवर होतील, त्या घरी आज लावलेले कलम अंगणातील मूल शाळा संपवीपर्यंत त्याच रंगाचे व त्याच आकाराचे फूल देत राहील.